टाकीजवळचा गचका

बस टाकीजवळ आली आणि गचका बसला. नेहमीचाच. पुढचं चाक खाली गेलं, पोटात क्षणभर काहीतरी सुटल्यासारखं झालं, मग मागचं चाक गेलं, आणि उभ्या माणसांनी घट्ट धरलेल्या दांड्या पुन्हा सैल सोडल्या. खिडकीशी त्याची बायको बसली होती. डॉक्टरने तिच्या डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातले होते, त्यामुळे गेला तासभर तिला सगळं जग धूसर दिसत होतं. काळा चष्मा लावून, डोळे मिटून, पर्स मांडीवर घेऊन ती गप्प बसली होती. गचका बसला तसं तिने डोळे न उघडताच त्याला कोपराने ढोसलं. "उठा, आपला स्टॉप आला." मग स्वतःशीच हसली. "बघा, डोळ्यांची गरजच नाही. सव्वीस वर्षं झाली, हा खड्डा काही आपली जागा सोडत नाही. कोणत्या मेल्याने केलाय हो हा रस्ता?" पुढच्या बाकावरचे एक आजोबा मागे वळून म्हणाले, "अहो बाई, तो खड्डा काढला तर कंडक्टरला स्टॉपची नावं ओरडावी लागतील. राहू दे बिचारा." दोघंतिघं हसले. तोही हसला. या विनोदाला, थोड्याफार फरकाने, तो सव्वीस वर्षं हसत आला होता.

रस्ता करणारा मेला तिच्या शेजारीच बसला होता. त्याने तिला हात देऊन उतरवलं, फुटपाथवर उभं केलं, आणि बस निघून गेली तरी तो रस्त्याकडे बघत राहिला. या कडेपासून त्या कडेपर्यंत गेलेला, तीन-चार हात रुंद, दबलेला पट्टा. वर्षा-दोन वर्षांनी त्यावर डांबर पडायचं, रोलर फिरायचा, महिनाभर बस सुतासारखी सरळ जायची आणि मग ये रे माझ्या मागल्या. लोकांनी त्याच्याशी केव्हाच जुळवून घेतलं होतं. अंडीवाला तिथे सायकलवरून उतरून चालत जायचा. शाळेची मुलं त्या गचक्यासाठी मुद्दाम बसच्या शेवटच्या बाकावर बसायची. त्याने आयुष्यात मैलच्या मैल रस्ते केले होते, त्यांच्यावरून रोज हजारो माणसं बिनबोभाट जात होती, आणि त्यातल्या एकाचीही कोणी आठवण काढत नव्हतं. चांगला रस्ता म्हणजे ज्याची आठवण येत नाही तो. याची मात्र यायची. "काय बघताय?" बायको म्हणाली. "काही नाही. बस गेली का बघतोय." "बस गेली हे मला आंधळीला कळलं. तुम्हाला नाही कळलं?"

एरवी हा गचका पोटात बसायचा आणि घरी पोचेपर्यंत जिरून जायचा. आज तो जिरेना, कारण सकाळी ऑफिसात नव्या इंजिनीअर पोरीने त्याच्या टेबलावर फोटो मांडले होते. पोरगी त्याच्या मुलीपेक्षा वर्षाने लहान, हुशार आणि भलतीच उद्योगी. या पट्ट्याची दुरुस्ती यंदा तिच्याकडे आली होती, आणि आजवर जे कोणी केलं नव्हतं ते तिने केलं होतं: सुट्टीच्या दिवशी चार माणसं घेऊन नमुन्याचा खड्डा खणला होता. "सर, हे बघा. फूटभर मुरूम, आणि त्याखाली काय, तर फुटपाथचे तुकडे! एवढाले. आडवेतिडवे पडलेत आणि मध्ये नुसत्या पोकळ्या. माझा हात खांद्यापर्यंत आत गेला." फोटोत खरंच तिचा हात खांद्यापर्यंत आत गेला होता आणि ती तोंड वाकडं करून हसत होती. "हळूहळू वरची माती त्यात झिरपते, म्हणून दर वेळी खचतं. तळापर्यंत उकरून पुन्हा भरलं की आठवड्यात काम संपेल. रिपोर्टात खचण्याचं कारण लिहायचंय, ते जुन्या फायलीत आहेच. 'भरावाच्या वेळी मुकादमाने केलेली हयगय.' तेच पुढे चालवते. शुक्रवारपर्यंत तुमची सही हवी." मग फोटो गोळा करताना ती सहज म्हणाली, "असा कसला हो मुकादम? लाज नाही वाटली का मेल्याला?"

त्यावर तो काय बोलला? "बघतो," म्हणाला. त्याला निवृत्तीला चार महिने होते. ऑफिसात त्याला थरसाहेब म्हणायचे, आधी पाठीमागे आणि मग तोंडावरही, कारण चर भरताना तो काठावर उभा राहायचा आणि वीतभर जाडीचा एकेक थर, त्यावर पाणी, त्यावर दाब, तपासणी, आणि मगच पुढचा थर, यात तसूभर सूट द्यायचा नाही. मंत्र्याची गाडी वाट बघत थांबली तरी नाही. दरवर्षी नवी पोरं भरती झाली की त्याला बोलावायचे, रस्त्याचं काम यशस्वी कशाने होतं ते सांगायला, आणि तो सांगायचाही रंगून. पाणीवाले, गॅसवाले, टेलिफोनवाले यांना खणायच्या आधी एका टेबलाशी बसवा, नाहीतर तुम्ही डांबर टाकून हात पुसताय तोवर ते कुदळ घेऊन हजर होतील. उतार नीट द्या, रस्त्याचा वैरी ट्रक नव्हे, साठलेलं पाणी. दुकानदारांना तारीख सांगा आणि खरी सांगा. उद्घाटनाची तारीख बघून भराव करू नका. आणि पोरांनो, सही करणाऱ्याने काम डोळ्यांनी बघितलेलं असावं. पोरं हे वहीत उतरवून घ्यायची. तोही दर वर्षी हे सांगायचा आणि दर वर्षी हे शेवटचं वाक्य म्हणताना त्याला तोंडाशी पाण्याचा पेला धरावासा वाटायचा.

तेव्हा तो नोकरीत नवा होता, कायम झालेला नव्हता. पावसाचं पाणी नेणारा पाइप रस्त्याखालून आडवा टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रस्ता सुरू करायचा, एवढंच काम. पाइप बसला होता. त्यावर दहा थर घालायचे होते, तीन झाले होते. मुकादम होते ठेंगणे, पन्नाशीचे, बोलायला कमी. त्यांची एक खोड होती. थरावर धुम्मस, माती ठोकायचा तो जड ठोकळा, पडायला लागली की ते चपला काढून बाजूला ठेवायचे, मान तिरकी करायचे आणि नुसते ऐकत राहायचे. सैल मातीवर धुम्मस थप वाजते, दबत गेली की आवाज चढत जातो, आणि पुरती बसली की ठण लागतो. मुकादमांनी "लागला" म्हटलं की मगच दाब मोजायचं यंत्र लावायचं, आणि यंत्र कधी वेगळं बोललेलं कोणाला आठवत नव्हतं. त्या दिवशी पाण्याचा टँकर आला नाही. तीनदा निरोप गेले. शेवटी मुकादम म्हणाले, "साहेब, मीच जाऊन घेऊन येतो, तोवर चौथा थर टाकू नका," आणि गेले. ते गेले आणि ऑफिसचा शिपाई सायकल मारत आला, हॉस्पिटलातून नर्सचा फोन होता, बाईंना दाखल केलंय.

यापुढचं त्याला इतक्या वेळा आठवलं होतं की त्यातलं खरं किती आणि घासून गुळगुळीत झालेलं किती हे त्यालाच सांगता आलं नसतं. उन्हाने पाठ भाजत होती हे खरं. चरीच्या कडेला फुटपाथचे जुने दगडी तुकडे भरलेला डंपर उभा होता, तो दुसरीकडे जायचा होता, हेही खरं. बायकोचे दिवस भरत आले होते, दोन महिने आधीपासून तिला त्रास होता, डॉक्टर धड काही सांगत नव्हता, आणि तिच्याजवळ तिच्या आईशिवाय कोणी नव्हतं. चर उघडी टाकून जावं तर सकाळी रस्ता सुरू होणार नाही, आणि पहिल्याच कामाची तारीख चुकली तर नोकरी कायम होण्याचे वांधे. तो डंपरवाल्याला म्हणाला, "टाक." डंपरवाला म्हणाला, "यात?" "यात. सगळं. वरून मुरूम ओढून घ्या." बिगाऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. ते दुपारपुरते आलेले होते, उद्या दुसरीकडे जाणार होते. अर्ध्या तासात चर बुजली. मुकादमांना टँकर मिळवायला मात्र अडीच तास लागले, आणि साइट कोणाच्या तरी ताब्यात दिल्याशिवाय निघता येईना म्हणून अडकलेला हा, ते आले तेव्हा पँट झटकून निघायच्या बेतात होता. "झालंसुद्धा?" ते म्हणाले. "दुसऱ्या गँगची माणसं आली होती," तो म्हणाला, "पाणीही त्यांनीच आणलं. भरभर उरकलं. तुम्ही वरून धुम्मस मारून घ्या, मला हॉस्पिटलात जायचंय." मुकादमांनी चपला काढल्या, धुम्मस पडली, त्यांनी मान तिरकी केली आणि चेहरा उजळला. "लागला, साहेब. बेस लागला. तुम्ही निघा. गोड बातमी आणा."

आणि गंमत बघा, मुलगी झाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला. सात थर नीट घातले असते तरी तो अंघोळ करून, जेवून, वेळेत पोचला असता. पण तो पोचला ते चिखलाच्या बुटांनी, घामाघूम, आणि ते त्याच्या सासूबाईंच्या मनात असं ठसलं की घरात त्याची गोष्टच झाली. "काम अर्धवट टाकणाऱ्यांतला नव्हे हो आमचा जावई. चर बुजवून, मग धावत आला. आणि तरी वेळेवर!" सासूबाई गेल्या, गोष्ट बायकोकडे आली, मुलीचं लग्न ठरलं तेव्हा बायकोने ती व्याह्यांना सांगितली, जावयाला सांगितली. दर वेळी तो उठून पाणी प्यायला जायचा. लोकांना वाटायचं, लाजाळू आहे.

वर्षभरात पट्टा खचला. चौकशी झाली. एक खोली, टेबलापलीकडे तिघं, पंखा कुरकुरतोय. "भरावाच्या वेळी साइटवर कोण होतं?" मुलीला तेव्हा दात येत होते, रात्रभर रडायची, तो चार दिवस नीट झोपला नव्हता. एवढंच काय ते कारण होतं का? की दुसरं काही उत्तर त्याच्या तोंडात कधी तयारच नव्हतं? "मुकादम," तो म्हणाला. त्यांना बाहेरून बोलावलं, कागद वाचून दाखवला. त्याच्याकडे त्यांनी बघितलं, पण रागाने नाही. हेच त्याला पुढे कित्येक वर्षं कळलं नाही, की रागाने का नाही. सही केली आणि गेले. पुढे कळलं की ते पाइपांच्या गोदामावर आहेत, राखणीला. निवृत्त होईपर्यंत तिथेच होते. आणि याने त्या दिवसापासून थराचा ध्यास घेतला. पट्टा खचल्याची फाइल दर वेळी त्याच्याकडे यायची आणि दर वेळी तो शेरा मारायचा: वरून समतल करून घ्यावे. झाकली मूठ.

संध्याकाळी बायको पलंगावर बसून वाळलेले कपडे घड्या करत होती. डोळे अजून उघडवत नव्हते, म्हणून मोजे हाताने चाचपून जोड्या लावत होती. खोलीत दिवा लावायचा राहिला होता आणि तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता. एवढ्या आडोशाने त्याला धीर आला. "तू मघाशी विचारलंस ना, तो रस्ता कोणी केला," तो म्हणाला. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता, म्हणून त्याने सगळं एका दमात सांगितलं; डंपर, नर्स, चौकशी, आजचे फोटो, शुक्रवारची सही. मोज्यांवर फिरणारे तिचे हात थांबले. मग ती म्हणाली, "मी जावयाला सांगितलं. व्याह्यांना सांगितलं." "हो." "आणि तुम्ही आत जाऊन पाणी पीत होतात." "हो." "हे बघा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज त्याने अपेक्षिलेला नव्हता, तो कोरडा ठणठणीत होता, "हे माझ्या बाळंतपणावर खपवू नका. मी बोलावलं नव्हतं तुम्हाला. फोन नर्सने केला होता. मी म्हटलं असतं, काम आटपून या." "मी कुठे खपवतोय?" "मनात खपवताय. सव्वीस वर्षं." तिने एक मोजा उचलला, चाचपला, खाली ठेवला. "तो माणूस आहे का? कुठे असतो?" "माहीत नाही." "अहो." "माहीत आहे," तो म्हणाला. "गिरणीच्या मागे, मुलाकडे राहतात. मी त्या रस्त्याने जात नाही." "मग उद्या जा. सही नंतर करा. आधी तिकडे जा." तो उठला, दिव्याच्या बटणाशी गेला, तसं ती पाठमोऱ्या त्याला म्हणाली, "आणि एक. दारात तुम्ही उभे राहिलात ना तेव्हा, त्या बुटांनी, मला बरं वाटलं होतं. फार बरं वाटलं होतं. ते काही खोटं नव्हतं." त्याने दिवा लावला नाही. तसाच अंधारात तिच्या शेजारी येऊन बसला आणि तिच्या मांडीवरचे मोजे जुळवायला लागला; ते सगळे चुकीचे जुळत होते.

गिरणीमागच्या घरात दोन खोल्या होत्या, आणि बाहेरच्या खोलीत मुकादम जमिनीवर पेपर पसरून पंख्याची पाती पुसत बसले होते. पंचाहत्तरी उलटलेली, केस पिंजलेले, पण ओळख लगेच पटली, दोन्हीकडून. "साहेब!" ते हात पुसत उठले, उठताना गुडघा धरला. "अगं सूनबाई, कोण आलंय बघ! चहा टाक. आमचे साहेब." खुर्ची पुसून पुढे केली. आपण काय बोलायचं ते त्याने बसमध्ये दहा वेळा घोकलं होतं; त्यातलं एक अक्षर बोलायच्या आत मुकादमच त्याच्यासमोर हात जोडून उभे राहिले. "साहेब, तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटत होती. म्हणून कधी आलो नाही. तुमचं पहिलं काम, आणि त्याला माझ्यामुळे डाग लागला." तो खुर्चीवरून अर्धवट उठला. "मुकादम, बसा. बसा तुम्ही." "नाही, बोलू द्या. तो भराव मी हजारदा मनात भरलाय. गोदामावर दुसरं होतं काय? पहिले तीन थर माझ्यासमोरचे, त्यांत खोट नव्हती. वरचे दुसऱ्या गँगचे, पण वरून धुम्मस मी मारली, मी ऐकलं. ठण वाजलं साहेब, आजही कानात आहे. आणि तरी खचलं. म्हणजे कानच दगा देणारा निघाला. चौकशीत कागद वाचला तेव्हा मी म्हटलं, बरोबरच आहे. तुम्ही काय खोटं सांगाल? मग मीच वरच्यांना सांगितलं, मला गोदामावर टाका. ज्याच्या कानाचा भरवसा नाही त्याने भरावावर उभं राहू नये."

त्या दिवशी मुकादमांच्या नजरेत राग का नव्हता हे त्याला आता कळलं, आणि असं काही कळण्यापेक्षा दोन शिव्या खाल्लेल्या परवडल्या असत्या. चौकशीत आपण एका माणसाची जागा घालवली एवढंच त्याला वाटत आलं होतं, आणि तेवढ्याचं ओझं तो कसंबसं वाहत होता. पण या माणसाने सव्वीस वर्षं स्वतःच्या कानावर आळ घेतला होता, पाइप मोजत बसला होता, आणि त्या खोट्या थरांतली स्वतःची चूक शोधत होता. सून चहा घेऊन आली. त्याने कप घेतला आणि खाली ठेवला. "मुकादम," तो म्हणाला, "दुसरी गँग आलीच नव्हती." मग सगळं सांगितलं, यंदाच्या दुरुस्तीपर्यंत आणि रिपोर्टापर्यंत. बायकोला सांगताना अंधार होता. इथे दारातून लख्ख ऊन येत होतं आणि मुकादम त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो सांगून थांबला तरी ते बघतच होते. मग त्यांनी विचारलं, आणि विचारलं ते भलतंच. "तुकडे केवढे होते?" "दीड-दोन फुटांचे. फुटपाथचे." "उभे पडले की आडवे?" "कसेही. एकमेकांवर अडकून. मध्ये पोकळी." "वर मुरूम किती?" "फूटभर." मुकादमांनी डोळे मिटले. मान किंचित तिरकी झाली. तिथे, पंख्याच्या पात्यांमध्ये बसून, ते पुन्हा ती धुम्मस ऐकत होते हे त्याला दिसलं. "मग ठण वाजणारच," ते हळू म्हणाले. "हो." "म्हणजे..." "तुमच्या कानाने दगड ऐकला, मुकादम. खाली दगडच होता. कान खोटं बोलला नाही. मी बोललो."

मुकादमांचा खालचा ओठ थरथरायला लागला. "बाबा," सून म्हणाली, "बाबा, रडू नका." "रडतोय कुठे?" ते म्हणाले आणि धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. "साहेब, आत्ता तुमच्या कानाखाली दोन ओढाव्यात असं वाटतंय." "ओढा." "ओढल्या असत्या. पण खांदा गेलाय, मलाच दुखेल." आणि ते हसले, म्हणजे हसायला गेले आणि मध्येच पुन्हा सोगा तोंडाशी नेला. त्याला माफी मागायची होती, पण तो शब्द इतका तोकडा वाटला की तो नुसता "मुकादम, मुकादम" एवढंच दोनदा म्हणाला. जरा वेळाने मुकादमांनी विचारलं, "कागदावर काय लिहिलंत?" "अजून काही नाही. आधी तुमच्याकडे आलो." "मग लिहा की. इथेच लिहा." त्याने बॅगेतून रिपोर्ट काढला, मांडीवर धरला, लिहिलं आणि वाचून दाखवलं: रस्ता सुरू करण्याच्या घाईमुळे चरीत अयोग्य भराव झाला, यात मुकादमांचा दोष नव्हता. मुकादमांनी मान हलवली. "घाई काय आपल्या पायांनी चालत आली होय साइटवर? कोणाची घाई ते लिहा." मग त्याने ते खोडलं आणि लिहिलं, माझ्या तोंडी आदेशावरून, मुकादम साइटवर नसताना; आणि खाली सही केली, हुद्द्यासकट. तेव्हाचं हॉस्पिटल, नर्सचा फोन, बायको, यातलं काहीही त्याने लिहिलं नाही. "भराव कधी आहे?" मुकादमांनी विचारलं. "सोमवारी." "मी येतो," ते म्हणाले. "आणि साहेब, या खेपेला तुम्ही हलायचं नाही. घरी आग लागो नाहीतर पूर येवो."

रिपोर्ट वर गेला आणि तिसऱ्या दिवशी खुलासा मागणारं पत्र आलं. ते अपेक्षितच होतं. नवी पोरगी मात्र दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. शनिवारी ती त्याच्या टेबलाशी येऊन उभी राहिली, काहीतरी कडू बोलायला आली होती हे तिच्या मानेवरून कळत होतं, पण त्याच्याकडे बघून ती एवढंच म्हणाली, "सर, सोमवारी मी त्यांना खुर्ची आणू का?" "आणा," तो म्हणाला, "पण बसायचे नाहीत ते."

बसले नाहीतच. सोमवारी सकाळी मुलाच्या स्कूटरवरून आले, धुतलेला सदरा, डोक्याला फडकं. चरीत वाकून बघितलं, उकरून काढलेल्या तुकड्यांच्या ढिगाभोवती एक फेरी मारली, एका तुकड्यावर बोटांनी टकटक केलं. पहिला थर पडला. पाणी मारलं. आता हातातली धुम्मस जाऊन इंजिनावर उड्या मारणारं यंत्र आलं होतं, त्याचा फटफट आवाज कान किटवणारा; मुकादमांनी कपाळाला आठ्या घातल्या, मग एका बिगाऱ्याला जुनी हाताची धुम्मस कुठून तरी शोधून आणायला लावली, आणि यंत्र बंद करून प्रत्येक थरावर ती चार ठिकाणी मारून बघायची असं ठरलं. चपला काढल्या. धुम्मस पडली. मुकादम ऐकत राहिले, आणि मग त्यांनी वर, काठावर उभ्या असलेल्या त्याच्याकडे बघितलं. "लागला" म्हणाले नाहीत. पोरीने मोजायचं यंत्र लावलं. "पास," ती म्हणाली. दुसरा थर, तिसरा, तसंच: ते ऐकायचे, त्याच्याकडे बघायचे, आणि पोरीच्या आकड्याची वाट बघायचे. हा माणूस आला खरा, पण अजून स्वतःच्या कानाला विचारत नव्हता. त्याच्या तोंडाकडे बघून ठरवत होता. नुसतं खरं सांगितलं म्हणून कोणाचा गेलेला भरवसा संध्याकाळच्या बसने परत येतो थोडाच?

दुपारी सहाव्या थराशी मोठ्या साहेबांचा फोन आला. पाचला रस्ता सुरू करायचाच, बस बाजूने वळवून वळवून लोक वैतागलेत, तुमच्या कबुलीने आधीच शोभा झाली आहे, आता तारीख तरी पाळा. तो "हो, बघतो" म्हणत होता, आणि खाली धुम्मस पडत होती. एक. दोन. तिसऱ्या ठिकाणी मुकादमांची मान तिरकी झाली आणि तशीच राहिली. त्यांनी बिगाऱ्याला पुन्हा मारायला सांगितलं. पुन्हा. पोरीने यंत्र लावलं, बघितलं, आणि वर बघून म्हणाली, "सर, काठावर आहे, पण पास आहे. चालेल." मुकादमांनी वर बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर तेच होतं, तुम्ही सांगा म्हणणारं. त्याला वाटलं, आपण एक शब्द बोललो की संपलं, मग तो शब्द कोणताही असो. "चालेल" म्हटलं तरी आणि "काढा" म्हटलं तरी, तो त्यांचा राहणार नाही. फोन अजून कानाशी होता, त्यात मोठे साहेब "हॅलो, हॅलो" करत होते. त्याने फोन खाली घेतला. "माझ्याकडे काय बघताय, मुकादम?" तो म्हणाला. "मी यातला ऐकणारा नाही. तुम्ही सांगाल ते." पोरगी एकदा त्याच्याकडे, एकदा मुकादमांकडे बघत राहिली. मुकादमांनी पायाची बोटं मातीत रुतवली, खाली बघितलं. "काढा," ते म्हणाले, पण इतकं हळू की शेजारच्या बिगाऱ्यालाही ऐकू गेलं नाही. कोणी हललं नाही. तेव्हा त्यांनी डोक्याचं फडकं काढून खांद्यावर टाकलं आणि टाकीपलीकडच्या दुकानांपर्यंत पोचेल अशा आवाजात ओरडले, "अरे, काढा म्हणतो ना! कच्चा आहे सगळा!" त्या माणसांपैकी त्यांना कोणीही ओळखत नव्हतं, पण फावडी आपोआप उचलली गेली.